खणाचा रनर पापडासारखा का वळला?

'ताई, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले आणि शिलाई मशिनवरची धूळ झटकली. सध्या टेबल रनरचं, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायच्या लांब पट्टीचं, वेड लागलंय. गणपतीत सुती खणाचा एक रनर केला, 14 इंच रुंद, 72 इंच लांब. दुकानदाराने "रजईला हेच घेतात" म्हणून 200 जीएसएमचं पॉलिफिल, म्हणजे पॉलिस्टरचं फुगीर भरण, दिलं, ते मध्ये घातलं. खाली मरून सॅटिन लावलं, कारण दिसायला छान. सगळ्यांनी वाहवा केली. मग जावयांनी कोकम सरबताचा ग्लास त्यावर ठेवला आणि तो आडवा झाला. रनर मशिनमध्ये धुतला, तर दोन्ही लांब कडा पापडासारख्या वर वळल्या आणि खालचं सॅटिन चुण्याचुण्यांचं झालं. इस्त्री केली, तर जिथे जास्त दाबली तिथे तो चपटा झाला. आता न्यू जर्सीची लेक म्हणते, दिवाळीसाठी असे चार पाठव, एक मला आणि तीन मैत्रिणींना. बॅटिंग, म्हणजे मधलं भरण, कोणतं घेऊ? अस्तराला जुन्या चादरी चालतील का? आणि माझं नक्की चुकलं काय?'
एक वाचक, पुणे

नमस्कार,

शिवण चुकलेली नाही. तुम्ही तीन वेगवेगळ्या स्वभावांची कापडं एकत्र शिवलीत आणि पहिल्याच धुण्यात ती आपापल्या वाटेनं गेली. खण सुती, तोही न धुतलेला, म्हणून तो आटला. पॉलिस्टरचं भरण आणि सॅटिन जिथल्या तिथे राहिलं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं. चार टक्के धरले तर 72 इंचांत जवळजवळ तीन इंच होतात. वरचं कापड तीन इंचांनी आखूड झालं आणि खालचं तेवढंच राहिलं, तर खालच्या कापडाला चुण्या पडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि कडा आटलेल्या बाजूला, म्हणजे वर, वळणारच. अस्तर आटलं असतं तर उलट झालं असतं: कडा खाली आणि पोट वर, पालथ्या होडीसारखं.

ग्लास का कलंडला, ते वेगळं. दुकानदाराचं चुकलं नाही, रजईला खरंच तेच घेतात. पण रनरखाली कुणी झोपायचं नसतं. रजईला ऊब लागते, म्हणून आत हवा धरून ठेवणारं फुगीर भरण हवं. रनरवर वाटी, ग्लास, वरणाचं पातेलं ठेवायचं. ते बसायला सपाट जागा हवी, आणि रनरची टोकं टेबलाच्या कडेवरून निमूटपणे खाली पडायला हवीत, पुठ्ठ्यासारखी आडवी उभी राहायला नकोत. भरण निवडताना मी एकच परीक्षा घेते. कापड, भरण, कापड असे तीन थर न शिवताच टेबलावर पसरते, त्यावर फुलपात्र काठोकाठ भरून ठेवते आणि टेबलाला हलकासा धक्का देते. पाणी सांडलं तर ते भरण रजईसाठी बाजूला ठेवायचं. तुमचं 200 जीएसएम या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाद झालं असतं.

आता भरणाचं. आपल्याकडे दुकानात 'बॅटिंग द्या' म्हटलं तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडे आणि मग शेजारच्या खेळाच्या दुकानाकडे बघतो. 'पॉलिफिल शीट' किंवा 'वॅडिंग' म्हणा आणि जीएसएम विचारा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. रनरला 60 ते 80 पुरे, 100 च्या वर जाऊ नका. पॉलिस्टरचे गुण मान्य करायला हवेत: ते स्वस्त असतं, आटत नाही, आणि पावसाळ्यातसुद्धा दोरीवर झटपट वाळतं. दिवाणखान्यातल्या टेबलावर, जिथे फुलदाणी आणि फराळाची ताटं यांच्यापलीकडे काही येत नाही, तिथे मी बिनदिक्कत 80 जीएसएम घालते. पण त्याला उष्णता सोसत नाही. पॉलिस्टर वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, मात्र त्याचा फुगवटा त्याच्या कितीतरी आधी बसतो आणि पुन्हा उठत नाही. तुमच्या इस्त्रीनं तेच केलं. माझ्याकडेही असा एक रनर आहे. त्याच्या मधोमध माझ्या इस्त्रीच्या तळाचा ठसा आहे, अगदी टोकासकट. इस्त्रीची चकती सुती कापडाच्या खुणेवर होती, इस्त्री रनरवर ठेवली आणि फोन वाजला. तो रनर मी मुद्दाम टाकलेला नाही.

दुसरा दोष केसांचा. हलक्या प्रतीच्या पॉलिफिलचे बारीक तंतू कापडाच्या विणीतून बाहेर डोकावतात. पांढऱ्या कापडावर ते कळत नाही, पण काळ्या किंवा गडद जांभळ्या खणावर मांजर लोळून गेल्यासारखं दिसतं. गडद रंगाला पॉलिस्टर घालणारच असाल तर कापड घट्ट विणीचं घ्या.

रोजच्या जेवणाच्या टेबलासाठी माझं मत स्पष्ट आहे: धुतलेल्या सुती फ्लॅनेलचा एक थर. लहान बाळांच्या दुपट्यांसाठी जे मऊ, लवदार कापड मिळतं तेच. सपाट बसतं, टोकं छान पडतात, घरच्या साध्या मशिनच्या पायाखालून तक्रार न करता जातं. त्याची एकच खोड, ते फार आटतं. म्हणून दोनदा कोमट पाण्यात धुवून, कडक वाळवून, मगच कापायचं. एकदा धुवून भागेल असं मनात आलं तर या पत्रातला पापड आठवा.

याहून जुनी आणि फुकटची वाट तुम्हाला माहीतच असणार. आपल्या गोधडीत कधी कुणी बॅटिंग विकत आणून घातलं? आजीचं विटलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, थरावर थर आणि वरून धावदोरा. शेकडो वेळा धुतलेलं ते कापड जेवढं आटायचं तेवढं आटून चुकलेलं असतं. जुन्या सुती साडीचे दोन किंवा तीन थर रनरला उत्तम चालतात. चौथा घालू नका. ओला झाल्यावर जड होतो आणि श्रावणातल्या हवेत दोन दिवस वाळत नाही, मग कुबट वास धरतो. कोकणात किंवा मुंबईला राहणाऱ्या वाचकांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. तिथे सुती भरणाचा जाड रनर जून ते सप्टेंबर कपाटात गेलेला बरा, तोही पूर्ण कोरडा करून.

सुटा कापूस मात्र नको. कितीही छान पिंजलेला असो. गादीतला कापूस गादीवाला टाके घालून बांधतो आणि गादी कुणी बादलीत बुडवत नाही. रनर दर आठवड्याला बुडतो. दोन धुण्यांत कापूस कोपऱ्यात जाऊन त्याचे लाडू होतात.

तुमच्या चार रनरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ते अमेरिकेत जाणार. लेक ते दोरीवर वाळत घालणार नाही, ड्रायरमध्ये टाकणार, आणि तिच्या मैत्रिणी तर नक्कीच. ड्रायरच्या गरम हवेत सुती कापड आपल्या उन्हापेक्षा जास्त आटतं. त्यामुळे इथे आटवण्याचं काम तुम्हालाच आधी करून पाठवायला हवं. आणि एक सोय आहे. तिकडे क्विल्टिंगच्या दुकानात ऐंशी टक्के सूत आणि वीस टक्के पॉलिस्टरचं मिश्र बॅटिंग सर्रास मिळतं. पातळ असतं, सुतासारखं बसतं आणि निव्वळ सुती बॅटिंगपेक्षा कमी आटतं. तिथे ते पलंगांच्या मापानं पाकिटात विकतात. 72 बाय 90 इंचांचं एक पाकीट कुणी येणारं असेल त्यांच्याबरोबर मागवून घ्या. 72 इंचांच्या बाजूवर 17-17 इंचांच्या खुणा केल्या की 90 इंच लांबीच्या बरोबर चार पट्ट्या निघतात आणि वर चार इंच उरतात. तुमच्या 14 बाय 72 च्या रनरला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच जास्त मिळतं. तेवढं हवंच, कारण टिपा मारताना तिन्ही थर थोडे आत ओढले जातात. पाकिटावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल तेही छापलेलं असतं. ते वाचा. कुठे दोन-तीन इंच असतं, कुठे आठ-दहा. तेवढ्या अंतरात टीप पडली नाही तर भरण आत सरकतं.

लहान पाकीट मिळालं आणि लांबी कमी पडली तरी घाबरू नका. दोन तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत, कडेला कड लावायची आणि रुंद झिगझॅगनं जोडायचं. चढवले तर तिथे उंचवटा येतो आणि नेमकं तिथेच कुणीतरी ग्लास ठेवतं.

गरम भांड्यांचं एक सांगते, कारण जावईबापूंनी पुढच्या वेळी थेट कुकर ठेवला तर? शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, कढईतलं तेल तर 180 च्या वर. फ्लॅनेलचा एक थर एवढी उष्णता अडवत नाही. कापड कदाचित वाचेल, टेबलाच्या पॉलिशवर पांढरं कडं उमटेल. चंदेरी चकचकीत थर असलेलं उष्णता परतवणारं भरण मिळतं, पण ते कुरकुर वाजतं आणि टोकं ताठ राहतात. मला ते रनरमध्ये आवडत नाही. त्याची छोटी चौकोनी आसनं करा, भांड्याखाली ठेवायला, आणि लेकीला बजावून सांगा की ती मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाहीत. नाहीतर आपली तिवई आहेच.

आता अस्तर, ज्याच्याकडे सगळे शेवटी आणि घाईघाईत बघतात. 'खालून कोण बघतंय' हे वाक्य मी शिवणवर्गात इतक्यांदा ऐकलंय! खालून टेबल बघतं. सॅटिन सनमायकावर किंवा काचेवर घसरतं, त्यामुळे मुलं खुर्चीवर चढली की रनर वाटीसकट त्यांच्याकडे जातो. सुती कापड जागच्या जागी बसतं. अस्तर वरच्या कापडाच्याच जातीचं घ्या: वर सुती तर खाली सुती, वजनालाही साधारण तेवढंच. मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ, केंब्रिक किंवा पोपलीन त्याहून नितळ. अस्तर साधं एकरंगी असेल तर खालच्या प्रत्येक टिपेची चूक मोठ्यानं बोलते. नव्यानं शिवणाऱ्यांनी बारीक छापाचं घ्यावं, त्यात वाकडी टीप विरघळून जाते आणि रनर उलटा घालूनही वापरता येतो. वरचं कापड फिकट असेल तर गडद छाप खालून सावलीसारखा दिसतो. दोन्ही कापडं एकत्र धरून खिडकीच्या उजेडात बघा, दहा सेकंदांत कळेल.

जुन्या चादरींबद्दल तुम्ही विचारलंत. चालतील, पण मधला भाग नको. ज्यावर माणसं वर्षानुवर्षं झोपली तो भाग झिजून झिरझिरीत झालेला असतो. चादर उजेडात धरली की मध्ये लख्ख आणि कडांना दाट दिसते. गादीखाली खोचल्या जाणाऱ्या त्या कडांच्या लांब पट्ट्या अजून मजबूत असतात, आणि आटून झालेल्या असतात. 18 इंच रुंदीच्या पट्ट्या तिथून निघतात का बघा. मधला झिरझिरीत भाग वाया जात नाही, तो भरणात जातो. नव्या कोऱ्या, गच्च विणीच्या चादरीला मात्र हात लावू नका, विशेषतः हातानं धावदोरा घालणार असाल तर. सुई आत शिरेना, बोटाला घट्टा पडला आणि मी ती चादर परत पलंगावर घातली.

नवं कापड घेणार असाल तर 44 इंची पन्ह्याचं दोन मीटर घ्या आणि उभ्या सुतात, म्हणजे लांबीच्या दिशेनं कापा. उभं सूत कमी ताणलं जातं, रनर वर्षभरानंतरही सरळ राहतो. दोन मीटरमध्ये 18 इंची दोन पट्ट्या निघतात, म्हणजे दोन रनरचं अस्तर, आणि आठेक इंच उरतात. त्यातून सव्वादोन इंचाच्या तीन पट्ट्या काढल्या तर एका रनरचा गोटही होतो. सरळ कडेला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागत नाही, ती वळणाला. कापडाचा विणलेला काठ मात्र आधी कापून टाका. तो घट्ट असतो आणि बाकी कापडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आटतो, रनरची कड ओढून धरतो.

आणि काहीही कापण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. वरचं कापड, भरण, अस्तर, तिन्हींचे 20 सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि प्रत्येकावर कोपऱ्यात पेन्सिलनं नाव घाला. लेकीकडे जसे धुतले जाणार तसे, गरम पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करा, मोजपट्टी लावा. एक सेंटिमीटर कमी भरला म्हणजे पाच टक्के आटलं. तिन्ही चौकोन सारखेच भरले तर न धुताही शिवता येतं, रनर धुतल्यावर गोधडीसारखा थोडा सुरकुततो आणि काहींना तेच आवडतं. वेगवेगळे भरले तर सुती कापडं तशीच धुवून घ्यायची. तिकडच्या पाकिटातलं बॅटिंग मात्र धुण्याआधी त्यावरच्या सूचना बघा, काही प्रकार नुसते धुतले तर फाटतात.

त्याच वेळी रंग तपासा. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. लाल, निळ्या हातछपाईच्या कापडांचा रुमालावर हमखास डाग येतो. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही समजूत मी केव्हाच सोडून दिली. जादा रंग पाणी नितळ येईपर्यंत धुवून काढणं, एवढंच आपल्या हातात आहे. खण म्हणून बाजारात जे मिळतं त्यात सुतीही असतं, रेशमी असतं आणि निव्वळ पॉलिस्टरही असतं. शंका आली तर काठाचा एक धागा ओढा आणि चिमट्यात धरून काडीनं पेटवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते.

शिवणीबद्दल फार लिहीत नाही, तुमचा हात बसलेला दिसतो. तिन्ही थरांना कच्चा धावदोरा घाला किंवा चार-चार बोटांवर सेफ्टी पिना लावा. पहिली टीप मधोमध, मग बाहेर बाहेर, दीड-दोन इंचांवर. सगळ्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करा. एक इकडून, एक तिकडून केली तर थर तिरके ओढले जातात. टाका जरा मोठा, तीन मिलिमीटरच्या आसपास. आणि 14 बाय 72 चं अंतिम माप टिपा झाल्यावर कापा, आधी नाही.

हळदीचं न्यू जर्सीच्या मैत्रिणींनाही चिठ्ठी लिहून कळवा, कारण वरणाचा थेंब तिथेही पडणार. साबण लावला की डाग लाल होतो, तेव्हा त्या घाबरतात आणि ब्लीच ओततात. तसं करायचं नाही. धुवायचं आणि थेट उन्हात ठेवायचं, हळदीचा रंग उन्हात उडतो. डाग जाईपर्यंत ड्रायरमध्ये टाकायचं नाही.

राहता राहिला तो वळलेला रनर. त्याचं सॅटिन उसवून पुन्हा अस्तर लावत बसू नका. आतलं 200 जीएसएम तिथे बसणारच नाही. चपटा झालेला भाग सोडून जिथे फुगवटा शाबूत आहे तिथून दोन अर्धगोल कापा, सॅटिनची बाजू आत ठेवून कडा जोडा आणि वर धरायला खणाचा एक छोटा पट्टा लावा. चहाच्या किटलीची झकास टोपी होईल. ऊब धरायला ते भरण उत्तमच आहे. जावईबापूंना पुढच्या खेपेला कोकम सरबताऐवजी चहा द्या.